उजवीकडची फांदी

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसातल्या सलिलचा बग आला, म्हणजे टूलमध्ये काहीतरी चुकतंय अशी तक्रार. "झाडाची उजवीकडची फांदी दिसत नाही." बस्स. स्क्रीनशॉट नाही, काही नाही. दिवसभर व्याकरणाचे नियम लिहिणारा माणूस, पण बग लिहितो तार केल्यासारखा!

माझ्याकडे नीट दिसतंय. लॅबच्या मशीनमधून येते तशी एक ओळ टाकली – पेशंट, तपासणी, आकडा, एकक. पार्सर – ओळ वाचून नियमांप्रमाणे तिचे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम – एकेक पाऊल पुढे गेला, त्या तुकड्यांचं झाड वरून खाली वाढत गेलं, नियम जुळला तिथे हिरवं. एककाची फांदी उजव्या टोकाला, असायला हवी तिथेच.

"माझ्याकडे दिसतंय" लिहून परत पाठवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
त्याने परत उघडला. "फक्त मोठ्या मॉनिटरवर होतं. लॅपटॉपवर नाही."

मग झूम तपासला, कडेची मोजमापं तपासली. काही नाही. वैताग. नियम त्याचे, ते चालताना दाखवणारी स्क्रीन माझी. मजकूर कुठे अडकला ते डोळ्यांना दिसावं म्हणून तर लोक आमचं टूल घेणार. त्यात फांदीच दिसत नसेल तर विकणार काय!

हितेश – कंपनी त्याची, घाईही त्याचीच – म्हणाला, "चौदाला क्लायंट येतोय. बंद कर ना यार तो बग."

६ फेब्रुवारी, गुरुवार
सलिलच्या खुर्चीत बसून बघितलं. सगळं दिसतं. त्याला बसवलं.
"आता?"
"नाही."
फांदीवर बोट ठेवलं. त्याने मान वळवली. "हां, आली आता."
"मी काहीच केलं नाही."
"रिफ्रेश झालं असेल."

काही रिफ्रेश झालं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
नेहमीसारखी सलिलच्या बाईकवर आले. ठाण्याच्या ऑफिसातून मोहन्याला त्याच्या घरी जाताना मला शीळफाट्याला सोडतो, तिथून घर चालत. वर्ष झालं असेल. आई विचारते, "कशानं आलीस गो?" मी म्हणते, ऑफिसातल्या बाईकवर. खोटं नाही.

फाट्याच्या अलीकडे डंपर. डाव्या हाताला, बराच वेळ सोबत चाललेला. सलिलने गाडी सरळ त्याच्या अंगावर घेतली. मी ओरडले. वाचलो.

"कुठून आला हा?" म्हणाला.
कुठून येणार? तिथेच तर होता!

आणि आठवलं, काचेच्या दाराला खांदा आपटतो हल्ली. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला की पाडतो. आम्ही हसतो. "धांदरट" म्हणतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
बग असल्यासारखंच बघायचं ठरवलं. स्क्रीनवर मधोमध एक ठिपका. एक गोळा कडेकडून हळूहळू आत येणार. गोळा दिसला की "आला" म्हणायचं, नजर ठिपक्यावरून हलवायची नाही.

हितेश लगेच म्हणाला, "आला."
सलिलचा गोळा जवळजवळ मध्यापर्यंत गेला तेव्हा "आला". मग डावीकडून सोडला. तेच.

फक्त उजवीकडे नव्हतंच. दोन्हीकडे.

त्याला पॅन्ट्रीत नेऊन सांगितलं. टूल बरोबर आहे, तुझ्या डोळ्यांचं बघ. जरा नीट शब्दांत सांगायला हवं होतं. मला तसं येत नाही.

"तुला कोड सुटत नाही म्हणून माझे डोळे का?"
चहा तसाच ठेवून गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी खाली गाडी घेऊन उभा होता. मी बसले नाही. "बस ना, नाटक नको." नाही म्हटलं. "तू पण नको चालवूस." तो गेला.

बसने आले. तो घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत जेवले नाही. आई म्हणाली, "फोनात काय हाय येवढं?"

काही नाही. बग उघडा आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
क्लायंटसमोर सलिलने दाखवलं. भिंतभर पडदा, तो अगदी पुढ्यात उभा. झाड वाढत गेलं. तो छान बोलतो – पार्सर कुठे थांबतो, का थांबतो, मागे फिरून दुसरा नियम कसा धरतो. क्लायंटच्या बाई पुढे सरकून ऐकत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "ते डावीकडे लाल काय आलंय?"

सलिल पडद्याकडे बघत राहिला. "लाल? काही नाहीये."

होतं. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. मीच उठले, सांगितलं की त्या ओळीत पेशंटचा नंबर नाही म्हणून नियम अडकला, आणि ते दाखवण्यासाठीच हे टूल आहे. बाईंनी मान डोलावली. काम मिळालं, हितेश म्हणतो.

नंतर जिन्यात सलिलने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.
"तू चालवशील?"
"स्कूटी येते फक्त."
"मग रिक्षा."

रिक्षात तो शेवटपर्यंत बाहेर बघत होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मीही गेले. एका डब्यात डोकं ठेवून दिवे दिसले की बटण दाबायचं. माझ्या गोळ्यासारखंच, फक्त बरंच महाग मशीन!

कागदावर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. एमआरआय करा, उशीर नको.

डोळे चांगले आहेत म्हणे. मग?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
गाठ. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिथे. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खालून दाबतेय. कॅन्सरची दिसत नाही, पण काढावी लागेल. नाकातून काढतात.

"नाकातून?" सलिल हसला. मग हसायचा थांबला. "घरी कसं सांगू?"

बग बंद केला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना. "टूलमध्ये दोष नाही" लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
मोहन्याला सलिलच्या घरी गेलेले. त्याच्या आई – शांताबाई – एकट्या भेटतील असं वाटलेलं, पण वडीलही घरी होते. कुंडलिककाका रेयॉनच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यापासून घरीच. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, सलिलचा डिग्री घेतानाचा फोटो. तिन्हींना एकाच मापाच्या फ्रेम. म्हणजे मूर्तीला नाही – ती कोनाड्यात. काय लिहितेय मी.

सांगताना सलिल अडखळला. मी सांगितलं. जेवढं कळलं होतं तेवढंच, फुगवून नाही, कमी करूनही नाही.

काकांनी विचारलं, "ह्याच्या आधी कुणालाच कसं कळलं नाही?"
"तो मान वळवून बघायचा, काका. त्यालाही कळलं नाही."

शांताबाई आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं. मला म्हणाल्या, "बाई, तू त्याच्या गाडीवर बसत होतीस ना रोज?"
"हो."
"मग तूही वाचलीस."

मी डंपरचा तो एकच दिवस धरला होता; रोजचं डोक्यातच आलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार
ऑपरेशन. सुट्टी टाकली. हितेशने कारण विचारलं, "घरचं काम" लिहिलं.

सकाळी आत नेताना सलिलने चष्मा माझ्याकडे दिला. "तू थांबशील?" थांबले. काका पेपर उलटा धरून बसलेले. कुणी सांगितलं नाही त्यांना.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

४ मार्च, मंगळवार
नाकात बोळे, आवाज घोगरा. मी खाटेच्या उजव्या बाजूला उभी. तो समोर बघत होता. मी काही बोलले नव्हते, हललेही नव्हते.
"हिरवा ड्रेस," म्हणाला.
मान वळवली नव्हती त्याने.

बाहेर येऊन जिन्यात बसले. रडले. पाच मिनिटं असेल. मग ऑफिसचा फोन आला, घेतला.

१५ मार्च, शनिवार
परत तो दिव्यांचा डबा. उजवीकडचं बहुतेक आलं. डावीकडे वरचा एक कोपरा काळाच. कदाचित राहील तसाच, डॉक्टर म्हणाले. गाडी सध्या नाही.

बाहेर पडून उसाचा रस घेतला. सलिल म्हणाला, "तो गोळा सोडला नसतास तर..."
"दुसऱ्या कुणीतरी सोडला असता."
"नसता सोडला." मग ग्लास पुसत म्हणाला, "भावना, तुझ्या घरी मी चालेन का?"

मी म्हटलं, माहीत नाही. विचारते.

२३ मार्च, रविवार
हे मोहन्यात, सलिलच्या घरी बसून लिहितेय. दुपारी आमच्या घरी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "आपल्यातला हाय का गो?" नाही म्हटलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी बॅग भरली. कुणी अडवलं नाही. आई फाट्यापर्यंत आली, बॅग तिनेच रिक्षात ठेवली. "पोचलीस का फोन कर."

पोचल्यावर केला. बाबांनी उचलला. मी म्हटलं, पोचले. त्यांनी फोन ठेवला नाही. मागे टीव्हीचा आवाज नव्हता.