नर्सबाई येणार म्हणून

आई, अण्णा अजून आहेत. तू गेलीस तेव्हा सगळे म्हणाले होते, हा माणूस आता वर्ष काढणार नाही. त्याला चौदा वर्षं झाली. तुझं नाव त्यांना आठवत नाही, माझंही नाही. ऊसतोड तेवढी आठवते. दसरा झाला की गोधडी काखेत मारून निघतात, मुकादमाचा ट्रॅक्टर आलाय म्हणतात. दोनदा तिसगावच्या बाजारात सापडले. भाऊ-वहिनी कोपरगावकडे तोडीला गेलेत, ते पाडव्याला येतील. घरी मी एकटी. खुरपायला जायचं तर त्यांचा पाय खाटेला बांधून जावं लागतं. लिहितानाही लाज वाटते, पण बांधते.

मागच्या वर्षी गावातल्या आशाताईंनी दवाखान्यात आमचं नाव दिलं. दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा अशा म्हाताऱ्यांच्या घरी येते, नर्सबाई त्यांना बघतात, सांभाळणाऱ्यालाही विचारतात. तो फारच थकला असेल तर म्हाताऱ्याला आठ दिवस नगरच्या केंद्रात ठेवून घेतात. आठ दिवस! मला तर एक सबंध दिवस नुसतं झोपायचं होतं. आणि मी काय केलं? पाहुणे येणार असल्यासारखं अंगण सारवलं, अण्णांना अंघोळ घातली, दाढी केली, धुतलं धोतर नेसवलं, टोपी घातली. बाईंनी विचारलं, "त्रास देतात का?"

"न्हाई ओ. सगळं बरं हाय."

अण्णाही नेमके त्या दिवशी शहाण्यासारखे बसले. "च्या घ्या बाई," म्हणाले. बाईंनी माझं कौतुक केलं आणि लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात गाडी दारावरून तशीच गेली. आशाताई म्हणाल्या, "तूच म्हनलीस ना बरं हाय म्हनून? ज्यांचं लई अवघड हाय, त्यांच्याकडं जात्यात आता."

हे तुझंच शिकवणं. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आत्या आली होती, आणि मी तिला सांगून टाकलं, आजीनं अंथरुणात केलं. तू मला चुलीपाशी ओढून मांडीला चिमटा काढलास. "घरातलं चारचौघांत सांगती व्हय गं?" तो डाग आठवडाभर निळा होता. आजीचं सगळं तू एकटीनं केलंस, आणि तुला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला विचारायला माणूस दारात येतं आणि माझं तोंड उघडत नाही.

आशाताईंच्या हातापाया पडून पुन्हा नाव घातलं. आज बाई येणार होत्या. या वेळी काही आवरायचं नाही, असं ठरवलं होतं. सकाळपासून ओलं धोतर तसंच ठेवलं, पायाची दोरीही तशीच. मी बसून राहिले. गाडी थांबली, आणि ज्यांना काही कळत नाही असं आम्ही म्हणतो, त्या अण्णांनी गोधडी ओढून ते ओलं झाकलं. मग मला राहवलं नाही. दार लोटलं, दोरी सोडली, धोतर बदललं. बाई बाहेर उभ्याच.

"कसं चाललंय?"

"बरं हाय."

त्यांनी वहीत खूण केली. गाडी पुढच्या वस्तीला गेली.

मला आता होत नाही, आई. अण्णा झोपेतच जावेत असं वाटतं, आणि तसं वाटलं की स्वतःची किळस येते. हे बाईंना सांगायचं होतं. तुला सांगून काय होणार?