फिकी मेंदी आणि सासूचं प्रेम

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून सध्या कागदावरच). तुझ्या मानेचा पट्टा सुटला का? भावजींचा खोकला कसा आहे? तुम्ही दोघं लग्नाला आला नाहीत, फार चुकलं तुमचं. बहिणीची भर हॉलमध्ये शोभा होत असताना बघायला कुणीतरी रक्ताचं माणूस हवं होतं.

त्याचं असं झालं. विहीणबाईंनी मेंदीवाली आणली होती ती साधीसुधी नव्हे. कोन अशा ऐटीत धरते की सर्जनने तिच्याकडे शिकवणी लावावी. तळहातापासून कोपरापर्यंत वेलबुट्टी, आणि त्यात आमच्या चिरंजीवांचं नाव लपवलेलं (कामाच्या वेळी तो घरातही असाच सापडत नाही). लग्नाच्या दिवशी बघते तर सूनबाईंचे हात नुकतंच गाजर किसून आल्यासारखे. वन्संनी तो हात चारचौघींसमोर उचलला आणि हळहळून म्हणाल्या, "मेंदी रंगली नाही की समजायचं, सासूचा जीव नाही सुनेवर."

जेवणं उरकेपर्यंत माझं प्रेम किती पातळ आहे यावर दोन्हीकडच्या मंडळींचं एकमत झालं होतं. गंमत म्हणजे त्याच मेंदीवालीने माझ्या तळव्यावर उरल्यासुरल्या मेंदीचा ठिपका टेकवला होता, तो काळाभोर झालेला. म्हणजे ज्या सासूबाई मी केलेला चहा कुंडीत ओतायच्या, त्यांचं माझ्यावर निस्सीम प्रेम होतं. हयातभर त्यांनी ते कटाक्षाने लपवलं, इतकंच.

स्वागत समारंभ दोन दिवसांवर होता. मी विडाच उचलला. मेंदीवालीला घरी बोलावलं आणि म्हटलं, याच नक्षीवरून पुन्हा कोन फिरव, पण रंग वन्संना बिनचष्म्याचा दिसला पाहिजे. तिने लगेच काळा कोन काढला, तासाभरात रंगणारा. सूनबाई (जनावरांची डॉक्टर आहे, माणसांशीही तेवढ्याच धीराने वागते) म्हणाली, त्यात केस काळे करायचं रसायन असतं, कातडीला फोड येतात, साधीच लावा. साधी लावली आणि माझी नोकरी सुरू झाली. मेंदीचा रंग म्हणे कातडीत हळूहळू मुरतो. लेप जितका वेळ ओला राहील तितका गडद. म्हणून लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपत बसले. तिला घास भरवले, तिचं नाक खाजवलं, तिच्या कानाला फोन धरला (पलीकडे चिरंजीव, शेजारच्याच खोलीतून, बोलत होता ते आईने ऐकण्यासारखं नव्हतं). लेप खरवडल्यावर तव्यावर लवंगा तापवून धुरी दिली. हाताला पाणी लागू नये म्हणून भांडीही मीच घासली.

धुरी घेता घेता तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, लवंगा. तर म्हणाली, "आई, पहिली मेंदी मी लगेच धुऊन टाकली होती." मेंदीच्या दिवशी माहेरी मंडळी जेवायला बसली होती आणि शेजारची मांजर अडली होती, पिल्लू आडवं आलेलं. लेप लावलेल्या हातांनी सोडवणार कसं? मांजर वाचली, पिल्लंही वाचली. विहीणबाईंना मात्र हिने सांगितलं की रंग चढलाच नाही. खरं सांगायचा धीर झाला नाही, कारण त्या माउलीने ही मेंदीवाली कित्येक महिने आधी ठरवली होती. आळ माझ्यावर येईल हे हिच्या ध्यानीमनी नव्हतं. आता सगळ्यांना खरं सांगते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, मीही कुणाला सांगणार नाही. असं का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी हात नारिंगी होते, दुसऱ्या दिवशी समारंभाच्या वेळेला चांगले गडद तपकिरी. वन्संनी पुन्हा हात उचलला आणि म्हणाल्या, बघा, नवऱ्याचं प्रेम कसं हातावर उतरलंय. चिरंजीव लाजले. ज्याने जन्मात लिंबू पिळलं नाही, तो लाजला.

भावजींना नमस्कार. कळावे,

तुझी फिक्या प्रेमाची धाकटी

ता. क. सुनेला शब्द दिलाय, तेव्हा मांजरीचं कुणाला सांगू नकोस. वन्सं मंगळवारी तुझ्याकडे येणार आहेत, त्यांना तर मुळीच नको. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जे सांगणार नाहीस ते जरा मोठ्याने.

ता. क. मावशी, मी सून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं आणि मी वाचलं. आत्याबाईंना खुशाल सांगा. माझ्या आईला मी कालच सांगून टाकलं आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. आईंनी एक लिहिलेलं नाही. मांजर जवळ घेईना असं एक पिल्लू त्यांनी इथे आणवलंय, त्याला ड्रॉपरने दूध पाजतात, आणि मी खोलीत आले की म्हणतात, मला मेलं हे मांजर मुळीच आवडत नाही.