गुडघा, कंबर, खांदा

११ मार्च, बुधवार
पोचलो. बस दोनदा बर्फात रुतली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरनं माझ्या पोटाकडे पाहिलं. खोली झकास. खिडकीसमोरच म्हातारीची घळ. स्कीवाल्यांच्या नव्या नकाशासाठी तिचा उतार मोजायला मी ल्युब्ल्यानाहून आलोय. घरमालकीण येरित्साबाईंनी अक्रोडाचा केक पुढे केला आणि माझं नाव ठेवलं ‘मोजणीसाहेब’. इथे अंशांना कुणी विचारत नाही. उतारावर उभं राहून काठी डोंगराच्या बाजूला आडवी धरायची, टोक बर्फाला कुठे लागतं ते पाहायचं. गुडघ्याच्या उंचीवर लागलं तर पोरंही उतरतील, कमरेच्या उंचीवर लागलं तर जपून, खांद्याच्या उंचीवर लागलं तर घरी जाऊन सूप प्यावं. मी खिडकीतूनच सांगून टाकलं की ही तर माझ्या आत्याहून मवाळ आहे. बाईंनी पडदा ओढला. म्हातारी म्हटलेलं तिला चालतं म्हणे. मवाळ म्हटलेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार
घळीच्या मध्यावर, काळ्या खडकाशेजारी मोजणी केली. यंत्र तीस अंश. काठी गुडघ्याच्या जरा वर. बर्फ घट्ट, वाऱ्यानं आणून टाकलेला थर नाही, पायाखाली पोकळ आवाज नाही. शेरा मारला, ‘सोपी’, आणि लेकीला, झार्याला, कळवून टाकलं. रविवारी ती पलीकडच्या विश्रामघरातून माथ्यावर येईल आणि घळीतून उतरेल. मी खडकापाशी थांबेन. आमची खूण जुनीच: मी एक हात उंच केला की ये, दोन्ही काठ्यांची फुली धरली की थांब.

१३ मार्च, शुक्रवार
सहज पुन्हा गेलो. यंत्र तीस. काठी कमरेशी. नवा बर्फ नाही, वारा नाही, खडक तोच. मी बुटका झालो असेन. पन्नाशीत होतं म्हणतात. येरित्साबाईंना हा विनोद सांगितला. त्या हसल्या नाहीत. जेवायला सूप केलं होतं.

१४ मार्च, शनिवार
छातीशी. यंत्र तीसच. पायाखाली काहीतरी दबून खचलं, रिकामं पिंप चेपावं तसा आवाज आला. असा थर कधीही सुटून माणसासकट खाली कोसळतो. पळत उतरलो. बाई म्हणाल्या, मवाळ म्हणणाऱ्याकडे ती झुकते, शब्द मागे घ्या. घेतला. खिडकीत उभा राहून, मोठ्यानं. काय ही वेळ.
झार्याला फोन केला, येऊ नकोस, घळ वाकतेय. ती खदखदून हसली. ‘बाबा, गेल्या वर्षी तुमचा पूल जांभया देत होता. आता पुरे.’ आयुष्यभर हिच्याशी थट्टाच केली. खरं बोलायला वेगळा आवाज आणू कुठून? पुन्हा लावला. रेंज नाही.

१५ मार्च, रविवार
एकटाच वर निघालोय. फुली दाखवायची तर खडकापाशीच जायला हवं. खाली थांबलो तर तिला वरून घरं दिसतील, मी नाही. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. बाजूला केलं.

पोचलो. खांदा. काठी आडवी धरायला जागाच उरली नाही. बर्फ गालाला टेकलाय — थंड नाही, हे सगळ्यात —

यंत्र तीस.

वर लाल जाकीट. आली.

फुली — डावा हात बर्फात गेलाय, काठीसकट. ओढला, निघत नाही. उजव्यानं लिहितोय, तो अजून माझा आहे. उजवा हलवला. तिनंही हलवला. ओरडलो, थांब, मरशील. वरून हसू ऐकू आलं. बाबांची थट्टा —

डावा हात वर जातोय. मी नेत नाहीये. ती नेतेय, म्हातारी. डोक्याच्याही वर, सरळ, काठी ताठ — एक हात उंच —

झार्या काठी उचलून उत्तर देतेय. समजलं, म्हणतेय. घळीत उतरायला वळली. झार्या, तो हात माझा —