पोलंडची कात्री आणि जळोचीची आत्या

जळोची, शुक्रवार

प्रिय फरजाना,

सलाम आणि जय भीम. अम्मींचा गुडघा आता इंदापूरच्या बाजारापर्यंत साथ देतो का, ते आधी कळव. इकडे बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी असूनही तुळसाआत्याच्या चुका त्यांना स्पष्ट दिसतात.

त्यांच्यासाठीच मी अमेरिकेतून आले आणि सकाळी सातला इथूनच तिकडच्या विद्यार्थ्यांना पोलंडची संस्कृती ऑनलाइन शिकवते. (पोलंडची संस्कृती, अमेरिकेचं विद्यापीठ, जळोचीची बाई: हे लोकांना पटवण्यात माझी पंधरा वर्षं गेली.) पुढच्या सत्रासाठी सहाच नावं आली आहेत. महिनाअखेर दहा झाली नाहीत तर विषय बंद, आणि माझी नोकरीही.

मंगळवारी पोलंडची कागद कातरायची कला शिकवत होते. एक मुलगा नुसतीच कात्री कचकच वाजवत बसला. चहा घेऊन आलेली आत्या माझ्या मागूनच ओरडली, "आरं ए लेकरा, रिकामी कात्री वाजवू नगं! घरात भांडणं हुत्यात!" मुलांनी विचारलं, आजी काय म्हणाल्या? मी भाषांतर केलं. (इथपर्यंत मी निर्दोष आहे.) तेवढ्यात वर्गातल्या ऐंशी वर्षांच्या हालिनाबाई, यांची आजी पोलंडहून आलेली, म्हणाल्या की अगदी हेच, यासाठी आजी हातावर चापट मारायची! सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं: पोलिश लोकसमजूत. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर डायरीची चार पानं भरली, निकाल नाही.

बाबांनी आयुष्यभर शाळेत अंधश्रद्धेविरुद्ध शिकवलेलं. ते पलंगावरून म्हणाले, "तुळसे, घरातनं हाकलली, ती आता अमेरिकेला धाडतीयास व्हय?"

"म्या कुठं धाडली? पोरीनंच इंग्रजी केलं तिचं!"

फरजाना, यात आत्याचं चुकलं नाही. म्हणून काल वर्गात कबूल केलं, की कात्रीची समजूत जळोचीची आहे. पोलंडमध्ये ती मानतात का, मला माहीत नाही. मुलांनी वहीतली ती ओळ खोडली. विषय बंद झाला तरी चालेल, असं मी मनाला सांगते. मन विचारतं, तिकडचं घरभाडं कोण भरणार?

अम्मींना आदाब.

तुझी,
स्वरूपा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच हालिनाबाईंचा मेल आला. चापट माझ्या आजीनंच मारली होती, ती काय जळोचीची होती का, असं रागावून विचारलंय. खाली त्यांच्या चार मैत्रिणींची नावं. दहा झाली! अट एकच: कात्रीवरून ओरडलेल्या त्या आजींनाही वर्गात बसवा.

आणखी ता. क. (शनिवार) वर्गासाठी आठवायला बसली तर आत्याच्या समजुती कालच संपल्या. आज सकाळी सराव म्हणून तिनं सांगितलं, "लॅपटॉपवर सावली पडू दिऊ न्हाई." तेव्हा मंगळवारी सातच्या आत अम्मींना त्यांच्या समजुतींसकट घेऊन ये. बाबांनी विचारलं, तर त्यांना भेटायला आलोय म्हणा. येताना त्यांच्यासाठी दोन पेरू आणा आणि ते आधी द्या, म्हणजे खोटं ठरणार नाही.