बर्फीचा रूट कॉज

६ नोव्हेंबर २००६, कर्वेनगर
अस्मिता सहा महिन्यांसाठी परदेशी ऑनसाइटला गेली. जाताना डोळ्यांत पाणी. माझ्यासाठी असेल असं वाटलं, पण सूचना सगळ्या बर्फीच्या निघाल्या. मांजर सांभाळायला काय लागतं? मी टीम लीड आहे. तिचा वाळूचा ट्रे बेडरूममधून थेट गॅलरीत. घर स्वच्छ वाटतंय.

८ नोव्हेंबर
सोसायटीत चिकनगुन्या. आजपासून दिवेलागणीला दारं-खिडक्या बंद, गॅलरीसकट. उघडायचं ते सकाळीच. घराला शिस्त हवी.

९ नोव्हेंबर
बर्फीने सोफ्यावर शू केली. असो, एखादा दिवस.

११ नोव्हेंबर
आज लॅपटॉपच्या बॅगेत. आत अप्रेझलचे कागद! रूट कॉज अ‍ॅनालिसिस केलं. पाच वेळा ‘का?’ विचारलं. पाचही वेळा उत्तर एकच: बर्फीचा स्वभाव.

१४ नोव्हेंबर
वाळू बदलली. ट्रे बदलला. डॉक्टर म्हणाले, मांजर ठणठणीत आहे, घरात काय बदललंय ते बघा. काही बदललेलं नाही, उलट सुधारलंय, असं ठणकावून सांगितलं.

१६ नोव्हेंबर
माझ्या उशीवर. पेपरची गुंडाळी करून दोन फटके दिले. हलकेच. फार हलके नव्हते. पुन्हा मारणार नाही.

१७ नोव्हेंबर
तिनं पुन्हा केली. मीही पुन्हा मारलं.

१९ नोव्हेंबर
अस्मिताला फोनवर सांगितलं, बर्फी बिघडलीय, आता ठेवणं शक्य नाही. ती म्हणाली, तू एवढं सगळं करून पाहिलंस तर इलाज नाही, आईकडे दे. आणि रडली. वाईट वाटलं. पण लीडला कठोर व्हावं लागतं.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
सासूबाई सदाशिव पेठेतून टोपली घेऊन आल्या. मी चहा ठेवला, गॅलरीचं दार लावलं. बर्फी दाराला पंजे मारत ओरडायला लागली. सासूबाईंनी विचारलं, हिचा ट्रे कुठे असतो? म्हटलं, गॅलरीत. त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. बर्फी धावत ट्रेमध्ये जाऊन बसली. उठेचना.

तुमच्या संडासाला रोज संध्याकाळी बाहेरून कडी घालून बघायची का, असं सासूबाईंनी विचारलं. अगदी अहो-जाहो करून.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारी रोज दाराशी ओरडत होती आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. सासूबाईंना म्हटलं, चूक माझी, बर्फी इथेच राहू दे. त्या म्हणाल्या, तिला विचारा. हाक मारली, हात पुढे केला. बर्फी माझ्या हाताला वळसा घालून गेली आणि स्वतःहून टोपलीत बसली.

२२ नोव्हेंबर
सोफा, बॅग, उशी, सगळं कोरडं. अस्मिताचा फोन दोनदा वाजला. मला उचलवला नाही.