बदनावरहून आलेल्या पेट्या

सोमवार, १२ जानेवारी. देवास.

'घर के डिब्बे की तरह लौटाइए.' वाक्य माझंच. दुपारपासून डोक्यातून जात नाही.

भाच्याने, सुहासने, वर्षभर खपून घडीच्या पेट्या केल्या. माल उतरवायचा, भिंती आडव्या पाडायच्या, की बाराच्या बारा एका रिक्षात मावतात. परतीचा टेम्पो वाचतो, हीच सारी युक्ती. आज पंपांच्या कंपनीचे साहेब तेच बघायला आले. पंपांचे सुटे भाग बदनावरच्या शेठजींना पोचवून पेट्या परत आल्या त्या टेम्पोतूनच, उभ्याच्या उभ्या. आठांत मटार, चारांत गराडू, इकडचा तळून खायचा कंद.

सुहासने फोन लावला. शेठजी म्हणाले, "भिया, पर्चे पे आपने ही तो लिखा था. घर का डिब्बा कोई खाली लौटाता है क्या?"

"मामा, हे कशाला लिहिलंत?"

पेट्यांसोबतचं सूचनापत्रक तासाभरात हवं होतं, म्हणून शेवटी एक गोड वाक्य टाकलं. इतकी वर्षं मजकूर वेळेवर देतोय; वाचणाऱ्याने तो इतका मनावर घेतलेला प्रथमच पाहिला.

साहेब हसले, मटार घेऊन गेले. गुरुवारी पुन्हा एकदा बघतो, पण शेवटचं, म्हणाले.

आत्ता नवं वाक्य लिहिलं: 'खाली ही लौटाइए. हमें बुरा नहीं लगेगा.' सुहासला दाखवायला गेलो, तर अकरा पेट्यांच्या घड्या घालून तो बारावी शोधत होता. ती स्वयंपाकघरात होती. हिने तीत शेठजींसाठी तिळाचे लाडू भरले होते.

"एवढे मटार आले त्यांच्याकडून, मग रिकामी कशी पाठवायची?"