झूम केल्याने आवाज जवळ येत नाही

आये, तुझा तो हळदीचा व्हिडिओ मी साफ केला. चार दिवस लागले. अष्टमी गावात एका मित्राच्या खोलीवर पडून होतो, त्याच्या कंप्युटरवर. तुला वाटेल हा अजून असाच फिरतोय का, तर हो, असाच. मध्ये धाटावला कंपनीत तीन महिने टिकलो, मग गोव्याला हॉटेलात, मग लग्नाच्या शूटिंगवाल्यांबरोबर गावोगाव. हे साफ करायचं काम त्यांच्याकडूनच शिकलो. शाळेत काही डोक्यात शिरलं नाही, पण ढणाढण आवाजातून नको तो आवाज वेगळा काढणं पटकन जमलं. असो, भरकटलो.

कॅसेट काकूच्या पत्र्याच्या पेटीत होती, लग्नपत्रिकांच्या खाली. पेणला एका जुन्या दुकानात नेली. मशीनमध्ये दोनदा अडकली, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत चालली आणि बाहेर काढताना तुटली. दुकानदार म्हणाला, "आता जे उतरलं तेवढंच. ही गेली." काकूला हे हवं होतं तिच्या धाकटीच्या लग्नासाठी. हळदीला तू धवल्याची गाणी म्हणायचीस तेव्हा ओळ तू टाकायचीस आणि काकू ती उचलायची. पुढे होऊन कधी तिने म्हटलंच नाही. तू गेल्यावर हळदीला तिलाच बसवतात. देवांना बोलवायच्या ओळी तिला येतात, पण त्यापुढे घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं असतं ना, तिथे ती अडकते. मला म्हणाली, "पोरीच्या लग्नाला तुज्या आयसला बोलवायची कशी रं मी? बोलवायची ओळच तिच्याकडं राह्यली."

म्हणून मी बसलो. आधी चित्र. मांडवाच्या पिवळ्या कापडाने सगळ्या बायका कावीळ झाल्यासारख्या दिसत होत्या, तो पिवळेपणा उतरवला. शूटिंग करताना माझा हात हलत होता, तो थोडा स्थिर केला. मग तू दिसलीस. जात्यापाशी बसलेली, कपाळावर घाम, डोळे अर्धे मिटलेले. नाकावरचा देवीचा व्रणसुद्धा दिसतो. एवढ्या जवळून मी तुला कधी बघितलंच नव्हतं बहुतेक.

तो दिवस मला आठवतो. शेजारच्यांच्या पोरीची हळद, भर दुपार. लाइट गेलेली, अंगणाच्या कडेला जनरेटर धडधडतोय. मी दहावीत नापास होऊन घरी बसलेला, आणि कुणाचा तरी हँडीकॅम माझ्या हातात आलाय, म्हणजे मी आता कोणीतरी आहे. तू ओरडतेस, "आरं, तिकडं काय उभा? हितं माज्याजवल येऊन बस. का बायकांत बसाची लाज वाटते?" बायका हसतात. मला लाज वाटतेच. मी म्हणतो, "आये, ह्यात झूम हाय. लांबूनपन जवलचं येतं." आणि जनरेटरच्या बाजूला पोरांत उभा राहून तुझा चेहरा पडदाभर करतो. मला खरंच वाटत होतं की चेहरा जवळ आला की आवाजही येतो. कॅमेऱ्याचा कान मी उभा होतो तिथेच होता, हे कळायला मला पुढे फुकट राबत दोन लग्नसराया घालवाव्या लागल्या.

संध्याकाळी तू विचारलंस, "आलं का रं माजं गाणं?" मी न बघताच म्हटलं, "एकदम झ्याक." तू खूश झालीस. त्यानंतर दोनच वर्षं होतीस.

तर आवाज. जनरेटरची घरघर नेमकी कुठली ते पकडलं, हळूहळू कमी करत गेलो. पंखा बंद करून, कान लावून. घरघर गेली आणि तिच्याखालून अगदी स्वच्छ, जवळून, माणसाचा आवाज आला. कुणीतरी विचारतंय, "किती वेल चालनार रं हे?" आणि मी सांगतोय, "आमची म्हातारी एकदा लागली की थांबत नाय. मेलेल्यांना बोलवत बसलीय, हितं जित्यांना नाचायचंय." मग पोरं हसतात. मी सगळ्यात मोठ्याने. चित्रात तेव्हा तुझे ओठ हलतायत.

मी तेवढंच काढायला बघितलं. पुष्कळ प्रकारे बघितलं. पण माझ्या त्या बोलण्याच्या आणि हसण्याच्या खाली, लांबून, विहिरीतून यावी तशी तुझी ओळ आहे. तीच, बोलवायची. नीट ऐकलं तर शब्द लागतात. माझं काढलं की ती पण जाते. ती ठेवायची तर मला ठेवावं लागतं.

काकूला मी नुसतं चित्र नेऊन दाखवलं. ती मोबाइल डोळ्यांशी धरून तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, स्वतःचे ओठ हलवून बघितले, मग म्हणाली, "आवाज?"

"आवाज नाय उतरला काकू. कॅमेराच तसला व्हता."

"ऱ्हाऊंदे. तू तरी काय करशील," म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

काल हळद झाली. मी ह्या वेळी बायकांत बसलो, जात्याच्या अगदी बाजूला. काकू देवांपर्यंत आली आणि थांबली. बाकीच्या तिच्याकडे बघत होत्या. तिने पदराने तोंड पुसलं, नुसतं गुणगुणत ती जागा काढली आणि पुढचं गाणं घेतलं. तुला कुणी बोलावलं नाही, आये.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुझी ओळ मला पाठ आहे. काल मी तिथे ती म्हणू शकत होतो.